विलायती डब्याची ओळखपरेड

जुन्या लाउडस्पीकरची किंमत सांगायला लोकांनी मला कुठे कुठे नेलं आहे. कोणाच्या माडीवर, कोणाच्या गोदामात, आणि एकदा वणीला खाणीतल्या एका निवृत्त साहेबाच्या न्हाणीघरात. तिथे साहेबाच्या बायकोने स्पीकरवर साबण ठेवला होता. पोलीस ठाण्यात मात्र एकदाच नेलं. तिथे मी सांगितलेली किंमत अगदी अचूक होती. त्याबद्दल कोणी माझी पाठ थोपटू नये.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या तालुक्याच्या गावी खरेदी केंद्रासमोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग नाक्यापर्यंत जायची. माणसं आठ-आठ दिवस बंडीखाली झोपायची. मग नंबर लागला की ग्रेडर ढिगात हात घालून म्हणायचा, ओला आहे. एका दुपारी तो असं म्हणाला आणि समोरच्याने वजनाचं पाच किलोचं माप उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दात कापसात पडले. पांढऱ्यावर पांढरे, कोणाला सापडले नसतील. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, बैल बुजले, एक म्हातारा चाकाखाली आला. तो तिथेच गेला. त्यानंतर जमाव जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्याकडे वळला. शेठचा त्या ग्रेडरशी काय संबंध होता ते मला आजही ठाऊक नाही. पण जवळपास काचा असलेलं घर ते एकच होतं.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंगल्याच्या समोर. शटर अर्धं ओढून मी आतून पाहत होतो. चौकीदाराने फाटक लावायचा प्रयत्न केला, तर बंडीची उभारी, कडेचा उभा दांडा, उपसून त्याच्या डोळ्यात घातली गेली. झुंबर फुटलं. दिवाणखान्यातली विलायती स्पीकरची जोडी तारांसकट ओढून रस्त्यावर आणली गेली. त्यातल्या एकावर कापूस रचून काडी लावली. अक्रोडाचं लाकूड सावकाश पेटतं, पण कापसाला घाई असते. एक दगड माझं कानशील सोलून गेला. तो कोणी मारला हे मला माहीत होतं. त्याचा ट्रान्झिस्टर माझ्याकडे दुरुस्तीला पडला होता.

दुसरा स्पीकर पाचव्या दिवशी सापडला. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर, जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या एका हमालाच्या घरी. त्याच्या बायकोने त्यावर पाण्याचा हंडा ठेवला होता. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी नालीत पडलेला डबा उचलून आणला, असं तो सांगत होता. ते खरं असावं. लुटीचा माल कोणी हंड्याखाली, दाराशी मांडून ठेवत नाही.

सकाळी शिपाई दुकानात आला. "चाला भाऊ. ठानेदार सायबानं बलावलं. डबा ओळखाचा हाये अन् किंमत लिहाची हाये."

"मीच काहून?"

"गावात त्यातलं तुमालेच समजते म्हने."

हे वाक्य मला आवडलं, हे कबूल करतो. मी शर्ट बदलून गेलो.

ठाणेदाराच्या टेबलासमोर स्पीकर उभा होता, गुडघ्याएवढा, हंड्याचं ओलं वर्तुळ डोक्यावर घेऊन. शेजारच्या खुर्चीवर शेठ. पांढरा सदरा, कपाळाला पट्टी. पट्टी जखमेपेक्षा बरीच मोठी होती. मागची खोली बंद होती आणि आतून चामड्याचा पट्टा अंगावर बसल्याचा आवाज येत होता. ओसरीवर हमालाची बायको उकिडवी बसलेली. पट्टा बसला की आतला माणूस ओरडायचा, "याडी!" त्यांच्या बोलीत आईला हाक मारायचा तो शब्द. त्याची आई जिवंत होती की नाही कोण जाणे.

"या," ठाणेदार म्हणाले. "शेठजी म्हनतात हा त्यायचाच हाये. दोन लाखाचा."

"जोडीचे चार," शेठ म्हणाले. "लंडनचा माल हाये. याले तं मालूमच हाये. काय बे?"

"किंमत मोठी लागली तं केस मोठी होते," ठाणेदारांनी मला समजावलं. "वरून रोज फोन येऊन राह्यले. तुमी पाहा निवांत. तुमचं लिहून होऊ द्या, मंग त्याले कोठडीत टाकतो." मग दाराकडे वळून ओरडले, "तोवर नावं विचारा बे त्याले! संगं कोन कोन होतं ते!"

म्हणजे माझं काम संपेपर्यंत पट्टा चालणार होता. हे मी ऐकलं आणि मला ते समजलंही. यात कसलाही गैरसमज नव्हता.

जुना स्पीकर ओळखायची रीत साधी आहे. आधी उचलून बघायचा. खरा असेल तर कंबर तक्रार करते. मागचा नंबर बघायचा, जोडीचे नंबर पाठोपाठचे असावे लागतात. मग वास घ्यायचा. जाळीतून तीन बोटांनी कागदाचा शंकू हलकेच दाबायचा. तो मऊ आत जाऊन परत आला पाहिजे, खरखरता कामा नये. शेवटी टॉर्चचा सेल तारांना लावायचा. थप असा आवाज येतो. जाणत्याला त्या एका थपेत लोहचुंबकाचं वय कळतं. निदान जाणता तसं सांगतो.

त्या दिवशी यातलं काहीच करायची गरज नव्हती. मागच्या फळीला आठ पितळी स्क्रू होते आणि ते मीच बसवले होते.

त्याचं असं झालं. शेठने ती जोडी कोण्या परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली आणि दिवाणखान्यात संगमरवरी चौरंगांवर बसवली. पाहुण्यांनी चपला बाहेर काढून समोर बसायचं, डोळे मिटायचे आणि माना हलवायच्या. दसऱ्याला जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. हळदकुंकू, फूल, आणि यंत्राच्या लोखंडावर आपटून नारळ. पहिल्याच दसऱ्याला शेठ म्हणाले, ही पण यंत्रंच, लाखाची यंत्रं. आणि त्यांनी दोन्ही स्पीकरच्या डोक्यावर एकेक नारळ फोडला. अक्रोडाच्या फळीला खोक पडली. पाणी फटीतून कागदाच्या शंकूंवर उतरलं. महिनाभर कोणी बघितलं नाही. मला बोलावलं तेव्हा आत बुरशी होती आणि आवाज दम लागलेल्या म्हशीसारखा येत होता.

विलायती शंकू आपल्याकडे मिळेनात. मी नागपूरहून साधे स्पीकर आणून आत बसवले. "कोनाले सांगाचं नाई," शेठ म्हणाले. मी नाही सांगितलं. पुढची पाच वर्षं पाहुण्यांनी तिथे बसून डोळे मिटले आणि लंडनला दाद दिली. एका प्राध्यापकाने तर मला त्या आवाजातली खोली समजावून सांगितली. मी मान हलवली.

तेव्हा ठाण्यात उभ्या उभ्या एवढंच बोलायचं होतं, "साहेब, आत नागपूरचा माल आहे, मीच बसवला." दहा शब्दही लागले नसते.

त्याऐवजी मी पेचकस मागितला.

पेचकस यायला पाच मिनिटं गेली. मी डबा उचलून पाहिला. मागचा नंबर मोठ्याने वाचला. लाकडावर टिचक्या मारल्या आणि कान लावून ऐकलं. सेल मागवला, तारांना लावला, थप वाजवली. ठाणेदार पुढे झुकले. "यातून समजते काय?" मी म्हणालो, "बरंच." मला शेठचं तोंड बघायचं होतं. पाच वर्षं तो माणूस माझ्यासमोर लोकांना लंडन ऐकवत आला होता. आज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फळी उघडेल तेव्हा त्याच्या कपाळावरची पट्टी कशी दिसेल, एवढंच माझ्या मनात होतं.

पहिला स्क्रू. आतून पट्टा. दुसरा स्क्रू. शेठ म्हणाले, "खोलाची काय गरज हाये? वरूनच दिसते." मी म्हणालो, "शेठजी, दोन लाखांचा माल न खोलता कसा लिहू?" तिसरा. चौथा. प्रत्येक स्क्रू मी टेबलावर ओळीने मांडत होतो. आत विचारत होते, "सांग, कोन होतं?" तो नावं सांगत नव्हता, कारण त्याच्याकडे नावं नव्हती. पाचव्या स्क्रूला पट्ट्याऐवजी लाठीचा आवाज सुरू झाला. सहावा घट्ट बसला होता, मी त्याला तेल मागितलं.

सातव्याला वेगळा आवाज आला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. या वेळी तो "याडी" म्हणाला नाही. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. ओसरीवरची बाई उभी राहिली. शिपायाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

मी आठवा स्क्रू काढला.

फळी बाजूला झाली. आत हातभर पोकळी आणि मधे पत्र्याचा, निळ्या कागदाचा स्पीकर.

"हे काय हाये?" ठाणेदार म्हणाले.

"नागपूरचा आहे. गणपतीच्या मांडवात लावतात तो. साडेतीनशे रुपये. डबा जळणात धरला तर आणखी पन्नास."

शिपाई फिस्सकन हसला. शेठचं तोंड मला हवं होतं तसंच झालं. फार तर तीन सेकंद. मग ते सावरले.

"हा माह्या नाहीच," ते म्हणाले.

"असं कसं? सकाळी तं तुमीच सही केली!"

"वरून सारखा दिसला. माह्या डब्यात लंडनचा माल होता. साऱ्या गावानं आयकला हाये. पाहुने आयकून गेले. हे असलं डबडं माह्या घरात असन काय?"

"मंग कोनाचा हाये हा?"

"मले काय मालूम. असन त्या हमालाचाच."

मी याची अपेक्षा केली नव्हती. शेठ स्वतःची चीज नाकारतील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. डब्यात डोकावलो तर आतल्या लाकडावर माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, "जिनिंग शेठ, डावा." दुरुस्ती करताना आम्ही तसं लिहून ठेवतो. मी त्यावर फळी टेकवली आणि दोन स्क्रू फिरवून ती बंद केली. बंद करायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

ठाणेदारांनी कागद फाडला. माल कोणाचाच नसेल तर चोरी कसली. "सोडा त्याले," ते म्हणाले, आणि मग आपला वेळ वाया गेला म्हणून स्वतः उठून आत गेले. दोन जोरात थपडा ऐकू आल्या. शेठ तोवर मोटारीत बसले होते.

हमालाला दोघांनी काखेत धरून आणला. डाव्या पायाचा घोटा बाजूला फिरलेला, पाऊल नको त्या दिशेला बघत होतं. वरचा ओठ फाटला होता. शिपायाने डबा त्याच्यापुढे सरकवला. "घे बे, तुह्याच हाये म्हने." त्याला ते समजलं नाही. बायकोने डबा डोक्यावर घेतला. त्याला मी माझ्या मोपेडवर बसवला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याची बोटं माझ्या पोटात रुतत होती.

दोन महिन्यांनी मी तांड्यावर गेलो. घोटा जुळला होता, पण वाकडा. दीड मणाची गाठ पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं तर दोन्ही पावलं सरळ पडावी लागतात. जिनिंगच्या मुकादमाने त्याला सांगून टाकलं होतं, आता येऊ नको. तो दाराशी बसून दुसऱ्यांच्या विळ्यांना धार लावत होता. मला पाहून उठायला लागला.

"बसा, भाऊ," तो म्हणाला. "तुमी होते म्हनून वाचलो. नाई तं सात वर्सं आत गेलो असतो."

मी उंबऱ्याशी बसलो. त्याच्या बायकोने हंड्यातून पाणी दिलं. हंडा त्याच डब्यावर होता. मी पेला हातात घेतल्यावर ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू काय? डबा आतून खोटा हाये, हे तुमाले कवा समजलं?"

नवराही माझ्याकडे बघत होता. विळा त्याच्या हातात थांबला होता.

"खोलल्यावर," मी म्हणालो.

मी पाणी प्यालो आणि निघालो.