चौथा चमचा

माझ्या मुलाच्या गालावर पहिला लाल डाग उठला तो डब्याचं दूध सुरू केल्यानंतर बाराव्या दिवशी. बारावाच, कारण मी मोजत होते. कामच आहे माझं ते. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे भाग मापायचे, बिघडलेले बाजूला काढायचे आणि बिघाड कधीपासून सुरू झाला ते मागे मागे जाऊन शोधायचं. दोष दिसला की त्याच्या आधी काय बदललं ते बघा, हे आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आमच्या घरात एकच गोष्ट बदलली होती. माझी रजा संपत आली होती, म्हणून तीन महिन्यांच्या पोराला मी वरच्या दुधाची सवय लावत होते.

झालं! माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. मी कामावर जाणार, म्हणून डबा आला. डबा आला, म्हणून पोराच्या अंगावर उठलं. म्हणजे दोष माझा.

डाग गालावरून कोपराच्या घडीत गेले, मग गुडघ्यामागे. कातडी कोरडी, खरखरीत, मध्येच ओली. माझ्या खांद्यावर घेतलं की तो गाल घासत राहायचा, आणि माझ्या ड्रेसवर बारीक रक्ताचे ठिपके दिसायचे. ते मी रोज रात्री घासून काढायचे. सासूबाई मात्र शांत. त्या लातूरकडच्या, नातवासाठी गाव सोडून आमच्या रहाटणीच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेल्या. म्हणाल्या, "ह्याच्या बापालाबी असंच व्हतं. कोपरं खाजवून रक्त काढायचा. आन् त्यानं तर तीन वर्सं माझंच दूध पिलं."

एवढं स्पष्ट त्या सांगत होत्या, पण माझ्या कानात जाईल तर शपथ. माझा राग त्या डब्यावर होता. मेडिकलवाला म्हणाला, "ताई, हा दुसरा घेऊन बघा, यातली प्रथिनं आधीच फोडलेली असतात, अंगावर उठत नाही." घेतला. तीन आठवडे वाट बघितली. कातडी होती तशीच. कंपनीच्या बसमधल्या मैत्रिणीने तिच्या भाचीला लागू पडलेला तिसरा सांगितला, तोही आणला. नवरा वैतागून म्हणाला, "अगं, एकदा डॉक्टरांना तरी विचार." मी त्याच्यावरच उखडले. डॉक्टर काय म्हणणार ते मला माहीत होतं ना! अंगावरचं का बंद केलं, नोकरी एवढी गरजेची आहे का. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. सहा महिन्यांच्या इंजेक्शनला जायचंच आहे, तेव्हा बघू म्हटलं.

एव्हाना मी कामावर रुजू झाले होते. आणि तिथेच माझी अक्कल पाजळली.

आमच्याकडे मशीनवर लोखंड कापताना त्यावर एक पाणी सोडतात, कूलंट म्हणतात त्याला. तेलाचा अर्क पाण्यात मिसळून करतात, आणि दिसायला ते पांढरंशुभ्र, दुधासारखं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी उडतं आणि ते जाड होतं. मग मशीनवरच्या पोरांच्या मनगटांवर लाल चट्टे उठतात, खाज सुटते. दर शिफ्टला त्याचा थेंब काचेवर घेऊन ते किती जाड झालंय हे बघायचं काम माझ्याकडे. त्या आठवड्यात एका ऑपरेटरने बाही वर करून मला हात दाखवला. "मॅडम, बघा की राव, रात्रभर खाजवतोय." मी मापलं, आकडा चढलेला. पाणी घालायला लावलं. चार दिवसांनी त्याचे हात निवळले. त्याने मुद्दाम येऊन दाखवले.

मी त्या हातांकडे बघत उभी राहिले. मनात म्हटलं, जाड झालंय म्हणूनच की! माझ्या पोराला ते दूध जड जातंय.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, "आई, उद्यापासून बाटलीत तीनच चमचे टाका. पाणी तेवढंच." त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला. "चार हाईत न्हवं?" "उष्ण पडतंय त्याला. तीनच टाका." मी शिकलेली, कंपनीत मापं घेणारी. त्यांनी डबा खाली ठेवला आणि तीन टाकायला लागल्या.

आणि खरं सांगते, आठवड्याभरात गाल थोडे निवळले. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? तुझ्या डॉक्टरांना नसतं कळलं ते मला कळलं." पुढच्या आठवड्यात डाग पुन्हा लाल झाले. तरी मी तीन चमच्यांना धरून बसले. एकदा फरक पडला होता ना, मग पुन्हा पडेल. पोरगं दिवसभर किरकिर करायचं, सासूबाई दमून जायच्या. मी म्हणायचे, "खाजतंय त्याला," आणि नारळाचं तेल लावायचे. बाटली संपली तरी तोंड उघडं ठेवून रडायचा, तेव्हाही मी तेलच लावायचे. असे दीड महिना.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनला सासूबाई आणि मी रिक्षाने संत तुकाराम नगरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. नर्सने पोराला काट्यावर ठेवलं, कार्ड बघितलं, लंगोट काढून पुन्हा ठेवलं आणि कार्ड आत नेलं. डॉक्टरबाईंनी त्या कार्डावरची रेघ मला दाखवली. चढत चढत आलेली रेघ शेवटी जवळजवळ आडवी झाली होती.

"दूध कोण करतं?"

"मी करते की," सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्या पाण्याला किती चमचे?"

"तीन. दीड म्हैना झाला."

डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "आजी, चार टाकायचे असतात! डब्यावर चित्र आहे. मूल उपाशी राहिलंय दीड महिना. नुसतं पाणी पोटात गेलं की अंगातलं मीठ उतरतं, झटके येतात पोरांना. कोणी सांगितलं तुम्हाला तीन?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "डोळ्यांनी दिसत न्हाई बाई मला नीट. माझंच चुकलं."

दिसत नाही? ज्या बाई तांदळातला खडा उभ्या उभ्या टिपतात, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी गप्प बसले. मालाचा एक अख्खा लॉट मॅनेजरच्या तोंडावर नापास करणारी मी, तिथे खुर्चीच्या कडा धरून बसले आणि म्हातारीला बोलणी खाऊ दिली. डॉक्टरबाई बोलत होत्या, सासूबाई मान हलवत होत्या, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, सुटले. ही गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, पुढे सासूबाईंच्या हातात बाटली देऊ नका," तेव्हा कुठे मला वाचा फुटली. "नाही हो, मीच सांगितलं त्यांना. त्या चारच म्हणत होत्या." आणि मी सगळं सांगितलं, तीन डबे, कूलंट, त्या ऑपरेटरचे हात. माझी मलाच लाज वाटत होती.

मला वाटलं, आता नोकरीवर घसरतील. नाही घसरल्या. घरात कोणाला दमा आहे का, खाज आहे का, एवढंच विचारलं. सासूबाईंनी पुन्हा आपल्या मुलाची कोपरं सांगितली. "हं, म्हणजे बापाचीच कातडी घेऊन आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डबा बदलून ती बदलत नाही. फोडलेल्या प्रथिनांच्या दुधाने खाज टळते असं मी तरी कोणाला खात्रीने सांगणार नाही. दुधाची खरी ॲलर्जी असली तर उलट्या होतात, शीमध्ये रक्त दिसतं, तसं याचं काही नाही. ही खाज कमीजास्त होत राहते, मधल्या आठवड्यात आपोआप कमी झाली असेल. मलम देते. आंघोळ कोमट पाण्याने, झटपट. पण दूध मापात. आता इथेच एक बाटली करून पाजा."

बाहेरच्या बाकावर मी पिशवीतून गरम पाण्याचा थर्मास आणि डबा काढला. "आई, तुम्ही खोटं का बोललात?"

"तू कामाला जाती म्हणून समदं तुझ्यावरच आलं असतं. मला काय, बोलली तर बोलली."

मी चार चमचे मोजून टाकले, बाटली हलवली, थेंब मनगटावर बघितला. पोराने ती दोन्ही हातांनी ओढून घेतली. एरवी चार वेळा थांबणारा तो, एका दमात पिऊन मोकळा झाला. रिकामी बाटली काढून घेतली तसा रडला. तेच रडणं. तोंड उघडं, मान वळवत, माझ्या छातीवर गाल घासत. दीड महिना रोज ऐकलेलं. माझा हात आपसूक पिशवीतल्या तेलाच्या बाटलीकडे गेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "खाज न्हाई गं माय ही," त्या म्हणाल्या. "भूक हाय."