डाव्या बाजूचा बोल्ट

मुलीने एअरोबार मागवले ते बंगळुरूला नाही, आमच्या दिघीच्या पत्त्यावर. फोन करून बजावलं, "बाबा, खोकं उघडू नका. मी आल्यावर आपण दोघं लावू. मी सायकलवर बसल्याशिवाय ते नीट लागत नाहीत."

मी दुसऱ्याच दिवशी उघडलं.

एअरोबार म्हणजे हँडलवरून पुढे जाणाऱ्या दोन नळ्या आणि त्यांच्या मागे कोपरं टेकायला दोन गाद्या. पोहणं, सायकल आणि धावणं एकामागून एक करायच्या शर्यतीत ती उतरते. सायकलच्या टप्प्यात असं ओणवं झालं की वारा कमी लागतो, एवढं मला तिच्याकडूनच कळलेलं. तिची एकही शर्यत मी पाहिलेली नाही. दर वेळी शिफ्ट होती, नाहीतर ओव्हरटाइम. काही वेळा तो मीच मागून घेतला होता, हेही खरं.

ती नोकरीला गेल्यापासून सायकल आमच्या गॅलरीत उभी होती. आता ती सायकल न्यायला येणार होती. वाटलं, आयती तयार करून ठेवावी. गाद्यांमधलं अंतर ठरवायला ती घरात नव्हती, म्हणून कपाटातून तिचा जुना शर्ट काढला आणि टेपने खांदे मोजले. पार्किंगमध्ये बसून दोन्ही बाजू व्हर्नियर मोजपट्टीने अगदी सारख्या केल्या. कंपनीतून रिटायर झालेल्या मित्राचा टॉर्क पाना आणला, त्यावर लावलेल्या आकड्याइतकेच बोल्ट कसले आणि प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ ओढली. कुरुळीजवळच्या आमच्या कंपनीत ही रीतच आहे. रेघ म्हणजे काम पूर्ण, आता याला कुणी हात लावायचा नाही.

खालचे शेजारी, मूळचे इथलेच, जाता जाता थांबले. "काय राव, सायकलीला शिंगं फुटली व्हय?"

"लेकीची आहे."

"मग तिला येऊ द्या की. बसणार ती, अन् मापं तुमी घेताय."

मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी सकाळी ती आली. रेघा बघून म्हणाली, "बाबा, सायकल डिस्पॅचला चाललीय का?" खोकं उघडल्याबद्दल एवढ्यावरच सोडलं. मी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, ती बसली आणि ओणवी झाली. उजवं कोपर गादीवर बसलं. डावं टेकवताना तिने ओठ दाबले.

"डावी गादी बाहेर घ्यावी लागेल."

"दोन्ही सारख्या आहेत, मी स्वतः मोजल्यात."

"सायकल सारखीच आहे हो. मी नाहीये."

तिने टी-शर्टचा गळा जरा बाजूला केला. गळ्याखालच्या हाडावर उंचवटा होता. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या सायकलवरून पडली होती, हे तिने आत्ता सांगितलं. हाड जुळलं, पण खांदा पूर्वीसारखा पुढे येत नव्हता.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आईला माहीत होतं." तिने टी-शर्ट सारखा केला. "तुम्ही म्हणाला असतात, सायकल विकून टाक."

म्हणालो असतो. मी खाली वाकून पाना शोधत राहिलो, पाना हातातच होता.

डाव्या बाजूची रेघ मोडून बोल्ट सैल केला. "इथे?" "अजून बाहेर." "आता?" "थोडी मागे." तिचं कोपर माझ्या तळहातावर होतं. ती लहानपणी सायकल शिकली तेव्हाही मागे धरून धावणारी तिची आई होती, मी नव्हतो. गादी लवकर जमू नये असं मला वाटत होतं.

जमली. लष्कराच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर ती एक फेरी मारून आली. "आता छान आहे." मी बोल्ट टॉर्क पान्याने कसला, दोनदा तपासला. मार्करचं टोपण काढलं आणि परत लावलं.

रविवारी ती सायकल घेऊन गेली. बुधवारी फोन आला.

"बाबा, डाव्या बोल्टवर रेघ नाहीये. सैल राहिला का?"

"नाही गं, घट्ट आहे. बिनधास्त चालव."

"मग रेघ?"

"ते काम अजून पूर्ण झालं नाही म्हणून. पुढच्या वेळी आलीस की पुन्हा एकदा बघू."

"बरं," ती म्हणाली. "मार्कर वाळू देऊ नका."