दगडावरच्या चपला

निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा अजून राग आहे. ओझरला विमानाच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासनीस होतो. तिथे कपाटातून अवजार घेतलं की रिकाम्या खुंटीवर आपल्या नंबरचा बिल्ला टांगायचा. काम संपताना एक जरी बिल्ला लटकलेला दिसला, तरी अवजार सापडेपर्यंत मी विमानाचं झाकण बंद करू देत नसे. लोक मनातल्या मनात शिव्या घालायचे. मग एके दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तपासायला काहीच उरलं नाही. मी घरातले नळ तपासू लागलो. नंतर भाजीतलं मीठ. आठ महिन्यांत बायको इतकी कावली, की कयाकची कल्पना मी नुसती बोलून दाखवली आणि तिने ती उचलूनच धरली.

कयाक म्हणजे एका माणसाची प्लास्टिकची होडी. वर बसायचं, वल्हं मारायचं, मध्ये जाऊन गळ टाकायचा आणि गप्प राहायचं. मोबाइलवर एक माणूस असा तासभर निवांत बसलेला मी पाहिला आणि मला त्याचा हेवा वाटला. बायकोची अट एकच होती, दुपारी एकला जेवायला घरी.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मला मामा भेटला. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस. माझी पिवळी कयाक त्याने चारही बाजूंनी बघितली आणि गळ बाजूला ठेवायला लावला.

"आधी पडायला शिका, साहेब. मासं कुठं जात नाय."

तीन रविवार मी नुसता पडत होतो. पडायचं, पालथी होडी सरळ करायची, पाय झाडत पोटावर चढायचं, वळून बसायचं, पुन्हा पडायचं. जाकीट नको म्हणालो, कारण मी पंचवटीतला, गंगेत पोहायला शिकलेला. मामाने जाकिटाचे पट्टे असे आवळले की माझा श्वास अडकला. मग एकेक नियम आला. नांगराचा दगड होडीच्या नाकाला बांधायचा, कडेला कधीच नाही. वल्हं दोरीने होडीला बांधलेलं हवं, सुरी छातीशी हवी. अकराला वारा उठतो, त्याआधी काठाला यायचं. आणि पाण्यात जाताना चपला बाभळीखालच्या सपाट दगडावर काढायच्या. तिथे मामाच्या आणि त्याच्या तीन भावांच्या चपला नेहमी ओळीने असत.

चपलांचं मी मनावर घेतलं नाही. मला वाटलं, देवळात काढतात तशा पाण्याला मान म्हणून काढत असतील. आणि पंचवटीत वाढलेला माणूस चपला उघड्यावर सोडून जात नाही. लहानपणी देवळाबाहेरून माझे इतके जोड गेलेत की अनवाणी घरी येऊन मार खाणं अंगवळणी पडलं होतं. मी दगडाला मनातल्या मनात नमस्कार करायचो आणि चपला गाडीत ठेवायचो. गाडी टेकाडामागे सावलीत असायची, काठावरून दिसत नसे.

मार्चमधल्या एका गुरुवारी घरात बसवेना, म्हणून कुणाला न सांगता गेलो. मामा आणि भाऊ लांबच्या अंगाला जाळी टाकत होते. मला मासा लागेना. तासाभरात पाच जागा बदलल्या. दर वेळी पुढे वाकून नाकाची दोरी ओढायचा वैताग आला, तेव्हा ती बसल्याजागी कडेलाच बांधली. वल्ह्याची दोरी पायात येत होती, ती सोडून टाकली. अकरा वाजले तेव्हा जाळीच्या पिशवीत एक चिलापी होती, तळहाताएवढी. म्हटलं, अजून अर्धा तास.

वारा आला आणि कडेची दोरी ताणली गेली. होडी त्या बाजूला कलली आणि मी पाण्यात होतो. जाकिटाने मला वर आणलं. सुरीने दोरी कापली, दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा चढलो. त्या तीन रविवारांनीच मला वाचवलं, यात मला शंका नाही. पण वल्हं गेलं होतं आणि मोबाइल ठेवलेला डबाही. वाऱ्याने मला पलीकडच्या चिखलात नेऊन टाकलं.

तिथून मला मामा आणि त्याचे भाऊ दिसत होते. चौघे वाऱ्यात जाळी आवरून उशिरानेच काठाला आले, ट्यूब वर ओढल्या, दगडापाशी गेले. मी घसा फुटेपर्यंत ओरडलो, जाकीट काढून हलवलं. वारा माझ्या तोंडावर होता. आणि ज्याला कुणाला शोधायचंच नाही, त्याला पलीकडचा माणूस दिसत नाही. मामा सगळ्यांत मागे राहिला. चपला घालून त्याने रिकाम्या दगडाकडे एकदा बघितलं आणि गेला.

तेव्हा मला ते कळलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे बिल्ले मोजले आणि माझा बिल्ला गाडीत कुलूप लावून ठेवला होता. एक वाजून गेला होता. बायको फोन लावत असेल, आणि मी कुठल्या काठावर आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि स्वतःचा इतका संताप आला की रडूही नीट आलं नाही.

फुगवट्याला वळसा घालून अनवाणी चालत निघालो. चिखल, कापणी झालेल्या शेतांतली धसकटं, बाभळीचे काटे. चपला गाडीत सुखरूप होत्या. मामाच्या दारात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने आधी माझे पाय बघितले, मग मला ओट्यावर बसवून स्वतःचा फोन दिला. माझा आवाज ऐकून बायकोने आधी विचारलं, कुठल्या काठावर आहात.

फोन ठेवल्यावर मामाने विचारलं, चपला कुठं होत्या. मी खरं सांगितलं. आता चांगलं ऐकून घ्यावं लागणार असं मला वाटलं, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता.

"दगड मोकळा बघून मी घरी आलो," तो म्हणाला. "तुम्ही तिकडं चिखलात, अन् मी इथं भात खात होतो, साहेब."

आणि त्याने हात धोतराला पुसला, जणू अजून उष्टाच होता.

पाय बरे झाल्यावर, बायकोला काठाचं नाव सांगून, मी पुन्हा गेलो. नवं वल्हं बांधलं, नांगर नाकाला लावला आणि चपला दगडावर ओळीत शेवटी काढल्या. पाण्यात मन लागेना. गळापेक्षा त्या दगडाकडेच माझं लक्ष होतं. साडेदहालाच परतलो. मामाचे भाऊ कधीच घरी गेले होते. दगडावर माझा एकट्याचा जोड होता आणि त्याच्याशेजारी मामा पाण्याकडे तोंड करून बसला होता. मी चपला पायात घातल्या, मगच तो जेवायला उठला.