सरांच्या हॉलमधली लाकडी जमीन

भूमितीच्या पेपरात सरांनी मला पस्तीस मार्क दिले आणि पुढे आपली थोरली मुलगी दिली. दोन्ही वेळा त्यांचा नाइलाज झाला होता. सर म्हणजे माझे सासरे. लग्नाला सात वर्षं झाली तरी मी त्यांना सरच म्हणतो, कारण पाच वर्षं त्यांच्या पट्टीखाली काढल्यावर जिभेला दुसरं वळणच लागत नाही. तेही मला नावाने हाक मारत नाहीत. ‘अरे’ म्हणतात, आणि मी काहीही बोललो की ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’ने माझ्या डोक्यात तिडीक जाते. मुळात माझं डोकं लवकर तापतं, हे कबूल.

मी लाकडी जमिनी बसवतो. बरंचसं काम एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटांमध्ये. तिथे सुख असतं. लिफ्ट आहे, भिंती सरळ आहेत, लादीवर फोम अंथरायचा आणि फळ्या एकमेकींत अडकवत जायचं. दोन दिवसांत हॉल तयार. मालकीणबाई चपला बाहेर काढून अलगद पाऊल टाकतात आणि पहिला फोटो माहेरी पाठवतात. मला हे काम मनापासून आवडतं. पण आधी मी ऑफिसात होतो, आणि ती खुर्ची सोडून जावई गुडघ्यांवर रांगायला लागला हे सरांना कधी पचलं नाही. कुणी विचारलं तर ‘इंटीरियरमध्ये आहे’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्यांनी एकदा माझं काम बघावं आणि चांगलं आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं. सात वर्षं हवं होतं.

संधी आणली मेव्हणीने. तिचं लग्न ठरलं आणि तिने जाहीर केलं की नंदाखाल गावातल्या सरांच्या घरी हॉलला लाकडी जमीन हवी. घर जुनं पण ठणठणीत, सरांच्या आजोबांनी बांधलेलं. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीमागे केळीची वाडी. फक्त हॉलच्या लाद्या अशा उखडल्या होत्या की खुर्ची डुगडुगायची. सरांना पुन्हा लाद्याच घालायच्या होत्या.

“भाओजी असताना लाद्या कशाला?” मेव्हणी म्हणाली.

सर ‘हं’ म्हणाले.

मी नमुना घेऊन गेलो. फळीची कड दाखवली. वर खऱ्या ओकचा थर, खाली प्लायचे थर, एक उभा, एक आडवा, म्हणजे हवा दमट झाली तरी फळी सहसा वाकडी होत नाही. सरांनी चष्मा वर करून पाहिलं.

“शाळा तपासायला साहेब आले की आम्ही हुशार मुलं पहिल्या बाकावर बसवायचो,” ते म्हणाले. “तसलाच प्रकार.”

“तसा नाही, सर.”

“तू शेवटच्या बाकावर होतास.”

जुन्या लाद्या काढल्या, कोबा केला, महिनाभर सुकू दिला. मग ओल तपासायला कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवला. उघडला तर खाली घाम. वाडीची जमीन ती, विहीर हाकेच्या अंतरावर. कोबा सुकला तरी खालून ओल येतच राहणार. म्हणून आधी जाड प्लास्टिक अंथरायचं ठरवलं. फळ्यांची खोकी आणून हॉलमध्ये रचली, कारण लाकूड आणल्या आणल्या बसवत नाहीत. त्याला त्या खोलीच्या हवेत आठवडाभर पडू द्यावं लागतं. लग्नघरात जो येईल तो खोक्यांवर बसायचा. सरांची थोरली बहीण, आमच्या आत्या, त्यांच्यावर बसूनच लसूण सोलायच्या.

“लाकडाला घराची सवय व्हायला आठवडा?” सर म्हणाले. “मला जावयाची व्हायला सात वर्षं लागली. अजून पुरती झालेली नाही.”

आत्या इतक्या हसल्या की मांडीवरचं लसणीचं सूप कलंडलं. मी पण हसलो, पण लागलं.

पहिली ओळ टाकायला दोरी ताणली तेव्हा मात्र माझी पाळी आली. हॉलचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. एका टोकाला भिंत चार बोटं आत आली होती. ज्या माणसाने काटकोनापायी माझी बोटं लाल केली, तो जन्मभर या खोलीत जेवला होता. मी अगदी नम्रपणे काटकोन तपासायचा गुण्या कोपऱ्यात धरून दाखवला. सरांनी माझ्या हातातून टेप घेतली, दोन्ही कर्ण मोजले, परत मोजले.

“आजोबा शाळेत गेले नव्हते,” असं म्हणून ते वाडीत निघून गेले.

त्या दिवशी मी शीळ घालत काम केलं. पण भिंतीकडेने बोटभर फट सोडलेली दिसताच सर परत आले आणि म्हणाले, “माप चुकलं.” मी सांगितलं की लाकडाला फुगायला जागा लागते, वरून पट्टी बसते, फट दिसत नाही. त्यावर ‘हं’. माझी शीळ बंद झाली.

गुरुवारी जमीन पुरी झाली. खरंच सांगतो, सुरेख झाली. सकाळचं ऊन खिडकीतून फळ्यांच्या लांबीने आत यायचं आणि मेव्हणी अनवाणी उगाच येरझाऱ्या घालायची. मी दारावर कागद लावला: चपला बाहेर, ओला पोछा नाही, पाण्याचा पेला घेऊन फिरायचं नाही. कुणी पाण्याचा तांब्या उचलला तरी मी खेकसायचो. आत्या तर दारात थांबून विचारायच्या, “येऊ का जावईबापू? घाम आलाय, चालेल?”

आणि शनिवारी संध्याकाळी मांडवात दिवे बांधत असताना मला विहिरीकडून बँड ऐकू आला.

आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळशा घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन नाचत यायचं. पाणी सांडणारच, न सांडता आलात तर नाचलात कसल्या? वाट ठरलेली: ओटी, हॉल, मागची पडवी. मी काही बाहेरून आलेला नाही. मी शेजारच्या निर्मळ गावचा. सात वर्षांपूर्वी याच घरात, याच वाटेने माझ्या बायकोचं पाणी आलं होतं. दोन महिने मी या जमिनीवर रांगलो, ओलीवर लोकांना व्याख्यानं दिली, आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

“तुला ठाऊक होतं?” मी बायकोला विचारलं.

“मला वाटलं तू काहीतरी सोय केली असशील,” ती म्हणाली.

मी धावत जाऊन दारात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. समोर वीसेक बायका, चिंब खांदे, मागे बँड.

“मागच्या दाराने घ्या,” मी ओरडलो. बँड थांबला.

आत्या सगळ्यांत पुढे होत्या. त्यांच्या डोक्यावरची कळशी माझ्या सासूबाईंची. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली.

“मागच्या दाराने केळी येतात,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “नवरीचं पाणी पुढच्या दाराने येतं.”

सर ओटीवर उभे होते, नवा शर्ट, हात मागे बांधलेले. ते बायकांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, गणित न सोडवता फळ्यापाशी आलेल्या पोराकडे बघावं तसे. मला पुढचं सगळं दिसत होतं. सांध्यांत पाणी, सोमवारी फुगलेल्या फळ्या, लग्नाला आलेला अख्खा गाव, आणि जन्मभराचा ‘हं’.

तेवढ्यात मेव्हणी आतून आली. केसांना तेल लावलेलं. तिने आईची कळशी पाहिली.

“राहू दे आत्या, मागून या,” ती म्हणाली. “भाओजींची मेहनत आहे.” आणि लगेच तोंड फिरवलं.

मला माझीच लाज वाटली. ही जमीन केली कुणासाठी होती? या पोरीच्या लग्नासाठी. आणि तिच्याच आईची कळशी मी दारात अडवून उभा होतो.

“या,” मी बाजूला झालो. “पुढूनच या. आणि नीट नाचा.”

त्या नीट नाचल्या. बँडवाल्यांनी कसर सोडली नाही. मेव्हणी रडत होती आणि नाचतही होती. हॉलच्या मधोमध आत्यांनी मुद्दाम एक गिरकी जास्त घेतली, आणि घेताना माझ्याकडे बघितलं. शेवटची बाई पडवीत गेली तशी मी पाहुण्यांसाठी आणलेल्या नव्या टॉवेलांचा गठ्ठा ओढला आणि गुडघे टेकले. जमीन वाचली, हे आधीच सांगतो. दारापाशी एका फळीची कड जराशी उचलली, ती आजही तशीच आहे. सर बदलू देत नाहीत. ‘पाणी इथून आलं,’ असं लोकांना दाखवतात. पण त्या घटकेला मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त पुसत होतो.

शेजारी कुणीतरी गुडघे टेकले. सर. इस्त्रीची पँट ओल्या फळ्यांवर, हातात टॉवेल. फळा पुसावा तसा त्यांनी एक हात आडवा मारला आणि थांबले.

“अरे, उभं पुसायचं की आडवं?”

शाळेत सरांनी मला शेकडो प्रश्न विचारले. प्रत्येकाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं.

“फळीच्या लांबीने, सर. आडवं पुसलं की पाणी सांध्यात जातं. दाबून टिपा, चोळू नका.”

त्यांनी एक फळी टिपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे का?”

‘हं’ अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. सात वर्षांचं साठलेलं.

“बरोबर आहे, सर,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघं पुढच्या फळीवर सरकलो.