भाकर, दिवा आणि डावा हात

मधुकरराव ढगे यांची माझी ओळख लाटण्यावरून झाली. वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात मी समाजसेविका होते. ते वाचोपचाराचे शिक्षण घेऊन मुंबईहून नुकतेच आलेले. पहिल्याच सकाळी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, स्वयंपाकघरातलं एक लाटणं मिळेल का? आणि दिवा, फणी, कुंकवाचा करंडा?"

"संसार मांडायचा असेल तर आधी घर शोधा," मी म्हटले. ते मोकळेपणाने हसले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले, तर तेच हसणे आधी आठवले.

पक्षाघातानंतर काही रुग्णांची वाचा जाते. शब्द सापडत नाहीत, समज मात्र पुष्कळदा शाबूत असते. ती तपासण्याची परीक्षा सत्तरच्या दशकात आमच्याकडे होती ती इंग्रजीवरून उतरवलेली. तिच्या चित्रांत बर्फावरून घसरणारी गाडी होती. पवनारच्या शेतकऱ्याने ती ओळखली नाही, तर दोष कोणाचा? मधुकररावांनी ती चित्रे कपाटात टाकली आणि घरोघरच्या वस्तूंची टोपली भरली. ती मांडीवर घेऊन ते एसटीने गावोगाव जात.

"काय भाऊ, भांडे विकाले निघाले का?" कंडक्टर विचारी.

"तुले पाह्यजे का?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. वऱ्हाडी ते मुंबईत विसरले नव्हते.

सिंदीच्या सरस्वतीबाईंचा प्रसंग मात्र त्यांची खरी ओळख सांगतो. बाईंची वाचा गेलेली, उजवा हात लुळा. त्यांना दवाखान्यात घेऊन आलेला मुलगा नामदेव उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, मायले काईच समजून नाई राह्यलं. कापूस फुटला हाय. उपेग नसन तर सांगून द्या, उद्यापासून आणत नाई."

म्हणजे त्या तपासणीवर बाईंचे उपचार अवलंबून होते, आणि घरातले स्थानही.

मधुकररावांनी टोपली मांडली. फणी मागितली, बाईंनी दिली. किल्लीही दिली. भाकर मागितली. बाई थांबल्या. दिवा मागितला, करंडा मागितला, तरी हात पुढे येईना. नामदेवने पिशवी उचलली.

"थांब नामदेव," मधुकरराव म्हणाले. बाईंचा डावा हात भाकरीपर्यंत जाऊन पदराआड परतला होता आणि त्या मांडीवरच्या लुळ्या हाताकडे पाहत होत्या, हे त्यांनी टिपले होते. "माय, डाव्या हातानं भाकर द्याची नाई, म्हून थांबल्या ना?"

बाईंनी जोरात मान डोलावली. डोळे भरून आले.

"चूक माह्या परीक्षेची हाय. हात ऱ्हाऊ द्या. भाकर कुठी हाय, निस्तं पाहा."

बाईंनी भाकरीकडे पाहिले. मग दिव्याकडे, करंड्याकडे. एकदाही चुकल्या नाहीत.

नामदेव मटकन खाली बसला. "माय, तुले सारं समजते? अन् आमी तुह्यासमोर तुह्याच गोष्टी करत होतो!"

बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की आम्ही सगळेच हसलो. तोही रडता रडता हसला.

"ती विलायती परीक्षाच बरी होती," मी मधुकररावांना चिडवले. "तिच्यात भाकर नव्हती."

"खरं आहे बाई. वस्तू आपल्या आणल्या, त्यांची रीत आणायची राहिली." त्याच दुपारी त्यांनी परीक्षा बदलली. खाण्याच्या आणि पूजेच्या वस्तू यापुढे नजरेने दाखवायच्या. स्वतःची चूक रुग्णाच्या नातेवाइकांसमोर मान्य करणारा असा तज्ज्ञ मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्हांला सिंदीला जेवायचे बोलावणे आले. उपचार अर्थातच चालू होते. सुनेने सासूच्या उजव्या तळव्यावर भाकर ठेवली. बाईंनी त्या हाताला खालून डाव्याचा आधार दिला, भाकर सावकाश मधुकररावांच्या ताटात उतरवली आणि म्हणाल्या, "जेव."

आम्ही ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द.

मधुकरराव, त्याहून मोठा आशीर्वाद माझ्यापाशी नाही. टोपली उचलण्याइतके बळ तुमच्या हातांत राहो, आणि जिथे जाल तिथे कोणीतरी ताट वाढून तुम्हांला हाच शब्द म्हणो. वर्षानुवर्षे.