आत कोण आहे जी?

"आत कोण आहे जी?"

पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोन बोटांनी टकटक करायची आणि असं विचारायचं, ही आमच्या सिस्टरची रीत. शेजारणीनं बंद दार वाजवावं तशी. पलंगावर पट्ट्यांत गुंडाळलेला माणूस असायचा. तो आधी दचकायचा, मग चिडायचा, आणि कधीतरी हळूच आपलं नाव सांगायचा. नाव कळल्याशिवाय सिस्टर पट्टीला हात लावत नसत.

जबलपूरच्या एका रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा त्या तिथल्या मुख्य नर्स होत्या. नागपूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, एकट्याच राहणाऱ्या. माझं माहेर जबलपूरच्याच रांझी भागातलं, मराठी घर, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या, बाकी जगाशी हिंदीत आणि प्रभूशी दोन्हींत. ड्यूटीवर आल्या की औषधांच्या कपाटापाशी क्षणभर डोळे मिटायच्या. मग गीत म्हणत ड्रेसिंगला लागायच्या. सूर असा, की एक आजोबा एकदा म्हणाले, "सिस्टरजी, जलन तो सह लूँगा, गाना रहने दो." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या, आणि पुढचं कडवं म्हणू लागल्या.

भाजलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. ते सलाइनकडे बघतात, खिडकीकडे बघतात, चेहऱ्याकडे बघत नाहीत. सिस्टर स्टूल ओढून समोर बसायच्या आणि निवांत बघायच्या. "घर बाहेरून जळलं म्हणून आतली माणसं गेली, असं थोडीच आहे!" त्या मला म्हणायच्या. "देवानं आपलं रूप ठेवलंय त्यांच्यात. आपण दार वाजवायचं."

एकदा रांझीचा एक गृहस्थ आला. स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला, तेव्हा त्यानं मुलीला बाहेर ढकललं आणि स्वतः सापडला. अर्धा चेहरा आणि दोन्ही हात जळले होते. दिवसभर शिव्या. कॉलेजात शिकणारी ती मुलगी रोज डबा घेऊन यायची. घरात आई नव्हती, ही दोघंच. आणि हा ओरडायचा, "आत येऊ देऊ नका तिला! चालती हो म्हणा!" ती जिन्यावर बसून राहायची आणि भरला डबा घेऊन परत जायची. बाप कसला, दगड आहे, असं वॉर्डानं ठरवून टाकलं. पुढे त्यानं रुग्णालयाचं जेवणही सोडलं. असंच चाललं तर जखमा भरायच्या नाहीत, डॉक्टरांनी सांगितलं.

सिस्टरनी दांडी वाजवली. "आत कोण आहे जी?"

"कोणी नाही. मेला तो."

"मेलेला माणूस इतका ओरडते काय?"

"मला तुमच्या देवाचं काही सांगू नका."

"नाही सांगत. त्याला तुमचं सांगून राहिली मी. तेवढं तर चालते ना?"

सिस्टर उठल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पोरीला काहून हाकलता, भाऊ?"

"तिनं हे तोंड पाहिलं तर जन्मभर म्हणेल, माझ्यापायी झालं. त्यापेक्षा बाप वाईट होता म्हणू दे."

मी शेजारच्या पलंगावरच्या बाईंना हाताचा व्यायाम देत होते. माझेच हात थांबले. सिस्टर माझ्याकडे वळल्या. हरवलेलं माणूस सापडावं तसा त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलंस? किती सुंदर माणूस आहे हा!"

मग त्याला म्हणाल्या, "ती जिन्यावर बसून समजून राहिली, बाबांचा माझ्यावर राग आहे. तुमचा चेहरा तिला सोसेल. 'चालती हो' नाही सोसणार."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. सिस्टर स्वतः जिन्यापर्यंत गेल्या आणि मुलीला घेऊन आल्या. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलीनं डबा उघडला, वरण-भात कालवला आणि घास हातात धरून उभी राहिली. तो वळेपर्यंत उभीच राहिली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. आणि घास भरवला.

"मीठ जास्त झालं का, बाबा?"

"थोडंसं," तो म्हणाला.

त्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. फोटोग्राफर बापाला म्हणाला, "अंकल, ज़रा उधर घूम जाइए, ये साइड अच्छी नहीं आएगी." नवरी शालूसकट मधे आली. "भैया, सामने से लीजिए. मेरे पापा हैं." सिस्टरनी डोळे पुसले आणि खोव्याची जिलबी आणखी एक मागून घेतली.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत, न्यूमोनियाचं निमित्त होऊन सिस्टर गेल्या. जबलपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये मी पोहोचले, तेव्हा नातलग म्हणून नागपूरहून आलेले एक थकलेले भाऊ तेवढे होते. पण बाकं भरली होती. ओढलेल्या कातडीचे चेहरे, आखडलेल्या माना, कोणाचा एकच कान. एकानंही तोंडावर रुमाल घेतला नव्हता. त्यांच्याबरोबर मीही ताठ बसले. ह्या बाईंच्या हाताखाली मी काम केलं होतं.

शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा रांझीचा तो गृहस्थ आणि आणखी पाच जण पुढे झाले. पेटीच्या कड्या धरायला बोटं लागतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना ती उरली नव्हती. इतरांनी पेटी उचलून दिली, आणि ह्यांनी सिस्टरना खांद्यावर घेतलं.