पाहुणेकाकांची ठकठक

आमच्या एमआरआय विभागातले टेक्निशियनकाका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, गुडघे कामातून गेलेत, आणि गाण्याच्या नावाने तर आनंदच आहे. सूर त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. तरी लहान मूल आलं की हा माणूस माइकसमोर बसून सरळ गळा काढतो. अकरा वर्षं मी इथे नर्स आहे; माझे कान किटलेत.

गाणी सगळी एकाच जातीची. परग्रहावरून कोणीतरी पाहुणा येतो आणि तो फार भला असतो. एके काळी अशी गाणी रेडिओवर उदंड लागायची. एकातला पाहुणा वाट चुकतो, दुसऱ्यातल्याला गुदगुल्या होतात. पाहुणा दुष्ट निघाला की ते गाणं काकांच्या यादीतून बाद. मुलं त्यांना पाहुणेकाकाच म्हणतात. त्यांचं लाडकं गाणं आहे ठकठकवाल्या पाहुण्याचं. त्याला आपली भाषा येत नाही, म्हणून तो दर कडव्याच्या शेवटी दारावर तीनदा ठकठक करतो. आणि लाजाळू इतका, की घरात कोणी हललं तर पळून जातो.

मशीनच्या बोगद्यात बावीस मिनिटं अजिबात हलायचं नसतं. आत नुसती धडधड. ते पाहुण्याचं यान, असं काका सांगतात आणि मुलं पाहुण्याला पळवून लावायचं नाही म्हणून निपचित पडून राहतात. आमच्या डॉक्टर मॅडम याला पोरखेळ म्हणतात. पण या पोरखेळामुळे किती मुलांची भूल वाचली, हे त्यांनाही माहीत आहे.

त्या शुक्रवारी एक शिवणकाम करणारी बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या उजव्या डोळ्यामागे गाठ होती आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं. मागे एकदा भूल दिली तेव्हा तिचा श्वास अडकला होता, त्यामुळे भुलीचं नावच काढायचं नव्हतं. सोमवारी ऑपरेशन होतं. आज फोटो मिळाले नाहीत तर ते तीन आठवडे लांबणार, आणि तोवर तो डोळा टिकेल असं कोणी छातीठोक सांगेना.

बाहेरच्या खोलीत पोरगी खुलली. दोनदा ऐकून तिला गाणं पाठ झालं. टेबलावर ठकठकसुद्धा केली. मग आम्ही तिला आत घेतलं, हेडफोन लावले, काकांनी जीव तोडून गायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या मिनिटाला ती हलली. पुन्हा केलं. पुन्हा हलली, आणि रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "पुरे आता. पुढची तारीख देऊ." आईने काचेला कपाळ टेकलं.

मी रुमाल काढायला खिशात हात घातला. हाताला श्रवणयंत्रं लागली. धातू आत चालत नाही, म्हणून मीच ती काढून खिशात टाकली होती. म्हणजे आम्ही तिघं मिळून त्या पोरीला उगाच गाणं ऐकवत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तिला ऐकूच येत नाहीये हो."

काकांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या टेबलावर आपटल्या.

"सिस्टर, पाहुण्याला तरी कुठे बोलता येतं?" ते म्हणाले. "मशीन दुसऱ्या टेक्निशियनला चालवू दे. मी आत उभा राहतो."

"गुडघ्यांचं काय?" मॅडमनी विचारलं.

"ते बघून घेतील त्यांचं ते."

मी पोरीला बाहेर आणून यंत्रं लावली, सगळं समजावलं आणि परत काढली. काका तिच्या पायाशी उभे राहिले आणि एका बोटाने, अगदी हलक्या हाताने, तिच्या तळव्यावर गाण्याचा ठेका धरला. कडवं संपलं की तीन ठकठक. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चौथ्यांदा गाणं आलं तेव्हा काकांचा गुडघा दुमडला. ते टेबलाला धरून सावरले, चेहरा पांढराफटक, पण बोट पुन्हा चालू. पोरगी तसूभर हलली नाही. मी काचेमागे देवाला काय काय बोलले, ते सांगण्यासारखं नाही.

बावीस मिनिटांनी मॅडम पडद्याकडे बघून म्हणाल्या, "स्वच्छ आलेत. सोमवारी ऑपरेशन होईल." आई मटकन खालीच बसली.

खिसा टेबलावर रिकामा करून मी आत धावले. काका खुर्चीत कोसळले होते. पोरगी अजून तशीच, डोळे मिटून, पाहुणा जाऊ नये म्हणून दम धरून. मी दोघांना बाहेर आणलं, आणि टेबलावरची यंत्रं एकेक करून तिच्या कानात घातली.

तिने काकांकडे बोट दाखवलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "चौथ्या वेळी एक ठक राहिली तुमची."